खांदा

आमच्या गंगाखेड-पालमच्या पट्ट्यात बैल बघायला आलेला जाणता माणूस आधी दात बघत नाही. दात दलाल बघतो, गिऱ्हाइकाला दाखवायला. जाणता माणूस बैलाच्या मानेवर हात ठेवतो आणि तो वशिंडापर्यंत सावकाश फिरवत नेतो. कातडी सैल, मऊ आणि केस जागच्या जागी असले तर बैल चांगल्या घरचा. तिथं घट्टा पडलेला असला, हाताखाली गाठ लागली किंवा हात लागताच बैलानं कातडी थरकावली, तर मग दात कितीही जुळलेले असोत. "खांदा बघितला की मालकाच्या घरी जेवून आल्यावानी असतंय," असं आमचे दादा म्हणायचे. दादा म्हणजे आमचे वडील. शाळा चौथीपर्यंत, आणि तीही सुगी बघून.

गावात आमचं घर होतं, पण दादांचा मुक्काम आखाड्यावर. पहाटे चहाच्या आधी ते दावणीला जायचे आणि नुसते उभे राहायचे. लहानपणी मला वाटायचं, म्हाताऱ्याची झोप उडालेली नाही अजून. पुढं कळलं की ते वाचन चालायचं. कुणी रवंथ करतंय, कुणाचं थांबलंय. नाकाडावर घाम आहे की नाकाडं कोरडं पडलंय. कडबा खाऊन बुडखे तेवढे टाकलेत की तसाच ठेवलाय. शेण पातळ की घट्ट. रात्री बैल कोणत्या कुशीवर बसला, ते अंगाला लागलेल्या मातीवरून. हे सगळं झालं की मग ते चूळ भरायचे. एखाद्या दिवशी काहीच न बोलता एका बैलाला सोडून वेगळा बांधायचे, आणि त्या दिवशी औत बंद. मोठा भाऊ चिडायचा. मृगाचा पाऊस पडून वापसा झालेला असताना एक दिवस जाणं म्हणजे काय, ते शेतकऱ्यालाच ठाऊक.

"काय झालंय त्याला? चांगला तर हाय," भाऊ म्हणायचा.

"त्यो बोलत नसतंय. दाखवीत असतंय," एवढंच उत्तर.

औत धरल्यावर दादांची नजर तासावर कमी आणि बैलाच्या भकाळीवर जास्त. बरगड्यांच्या मागची ती खळी किती लवकर वर-खाली होते, यावर त्यांचं गणित. मग तोंडाला फेस. मग मागचा पाय जागेवर पडतो की ओढत येतो. मग जीभ. जीभ बाहेर आली म्हणजे उशीर झाला, असं ते मानायचे. सरळ चालणारा बैल तास सोडून आत-बाहेर करायला लागला तर दुसरा गडी पराणी टोचतो. दादा जू उतरवायचे.

मी १९९२ साली परभणीला कृषी महाविद्यालयात आलो. महाविद्यालय जुनं, १९५६ सालचं. विद्यापीठ झालं १९७२ साली. तेव्हा त्याचं नाव नुसतं मराठवाडा कृषी विद्यापीठ, पुढं २०१३ साली त्याला वसंतराव नाईकांचं नाव लागलं. एका उन्हाळ्यात विद्यापीठाच्या रानात मी एक तमाशा बघितला. मी तरी त्याला तमाशाच म्हणालो. एक बैलजोडी वखर ओढत होती. जू आणि वखर यांच्यामध्ये ओढ मोजायचं यंत्र लावलेलं. वीस-पंचवीस तासं झाली की जोडी थांबवायची. मग एक जण शेपटी उचलून तापमापी लावणार, दुसरा भकाळीकडं बघत घड्याळावर श्वास मोजणार, तिसरा छातीला नळी लावून ठोके. चौथ्याच्या हातात वही. धुऱ्यावर बसलेला मजूर हसत होता. म्हणाला, "बैलाचा बीपी बघायलेत."

पशुशक्तीचा योग्य वापर, असं त्या कामाचं मराठी नाव. ट्रॅक्टर घराघरात येण्याआधी देशातली निम्म्याहून जास्त शेती ज्याच्या मानेवर होती, तो बैल किती ओढतो, किती वेळ ओढतो आणि कधी थकतो, याचा नीट हिशेब कुणी मांडलेला नव्हता. तो मांडायचा म्हणून भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं देशभर समन्वित प्रकल्प काढला आणि त्याचं एक केंद्र परभणीला दिलं. लाल कंधारी आणि देवणी ही आमच्या मराठवाड्याची जनावरं, तेव्हा ते इथं असणं बरोबरच होतं.

बैल थकला हे ठरवायची त्या शास्त्रातली यादी मी पुढं वाचली. श्वास, ठोके, अंगातला ताप, तोंडाचा फेस, पायांचा मेळ सुटणं, बिथरणं, पुढं जायला नकार देणं, जीभ बाहेर येणं. प्रत्येक खुणेला तिच्या जोराप्रमाणं गुण. बेरीज एका मर्यादेपलीकडं गेली की काम थांबवायचं. मला हसू आलं. ही यादी मी घरी फुकटात ऐकलेली होती, फक्त तिला गुण नव्हते.

पण गुण दिल्यानं काय होतं तेही तिथंच कळलं. एक म्हणजे ओढीचा हिशेब. बैल दिवसभर ओढू शकतो ते आपल्या वजनाच्या दहा-बारा टक्के. जोडी आठशे किलोची धरली तर ऐंशी ते शंभर किलोची ओढ. क्षणभर याच्या दुप्पट-तिप्पटही ओढेल, चिखलात रुतलेली गाडी काढताना ओढतोच, पण ते उसनं. आमच्या काळ्या भारी रानात उन्हाळ्यात खोल नांगरट करायची तर एका जोडीच्या आवाक्याबाहेरचं काम. जुन्या लोकांनी मोठ्या नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल लावले ते मिरवायला नव्हे. पुढं वाटण्या झाल्या, रानं तुकड्यांची झाली, घरटी एक जोडी राहिली आणि त्याच जोडीवर तो नांगर आला. त्यात बैलाचा काय दोष.

दुसरी गोष्ट डोळ्याला दिसणारी नव्हती. काम थांबवलं की श्वास आणि ठोके लवकर खाली येतात, पण अंगात साठलेली ऊब त्या मानानं उशिरा उतरते. म्हणजे भकाळी शांत झाली म्हणून बैल निवला असं नाही. सुट्टीत घरी गेल्यावर मी हे दादांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "आत ऊब राहती?" मग काही बोलले नाहीत. त्या उन्हाळ्यापासून मात्र आमच्याकडं बैल सोडले की आधी बाभळीच्या सावलीत, मग पाणी, मग चारा, आणि पुन्हा जुंपायचं ते ऊन कलल्यावर. बिडी संपली की उठायचं, ही गावची पद्धत आमच्या रानातून गेली.

यावर कायदाही आहे, हे मला बरंच उशिरा कळलं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ साली ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी नियम झाले. दिवसात नऊ तासांवर काम नको, विसाव्याशिवाय सलग पाच तासांवर नको, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथं दुपारी बारा ते तीन मुळीच नको. अणकुचीदार काठी वापरायलाही त्यात मनाई आहे. एप्रिलपासून पाऊस पडेपर्यंत परभणीचा पारा ३७ च्या खाली क्वचित असतो. मे महिन्यात तो ४४-४५ ला टेकतो. आमच्या गावात पराणीला लोखंडी आर नसलेलं घर शोधावं लागलं असतं. नियम कुणी वाचले नव्हते आणि वाचून दाखवायलाही कुणी आलं नव्हतं.

गंमत म्हणजे त्याच १९६५ साली तिकडं इंग्लंडात ब्रॅम्बेल समितीनं पाळीव जनावरांबद्दल अहवाल दिला. जनावराला किमान उठता यावं, बसता यावं, वळता यावं, पाय ताणता यावेत आणि आपलं अंग साफ करता यावं एवढी मोकळीक हवी, असं तिचं म्हणणं. दादांचं दावं इतरांपेक्षा हातभर लांब असायचं. बैलाला मान मागं वळवून पाठ चाटता आली पाहिजे, नाहीतर गोमाशा त्याला खातात, असं ते सांगायचे. त्यापायी दोन बैलांचे पाय एकमेकांच्या दाव्यात अडकायचे आणि रात्री उठून सोडवायला लागायचे. उठायचे तेच.

आता सर्ज्या आणि लाल्या. ही जोडी २००७ नंतरची, म्हणजे मी नोकरीला लागून गाव सोडल्यावरची. दोघेही लाल कंधारी. गडद लाल अंग, डोळ्याभोवती काळी कड, लांब कान. ही जात देवणीसारखी भारदस्त दिसत नाही, गाय दूधही बेताचंच देते, पण कमी चाऱ्यावर निभते आणि उन्हाला टिकते. सर्ज्या घरच्या गाईचा गोऱ्हा. लाल्या माळेगावच्या यात्रेतला. मार्गशीर्षात खंडोबाच्या त्या माळावर घोडे, गाढवं, उंट, बैल सगळं उतरतं. दादा तिथं दोन दिवस लाल्यापुढं बसून होते. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायला पाच मिनिटं लागली असतील. दोन दिवस काय बघत होते असं विचारलं तर म्हणाले, "दुसरं जनावर जवळ आल्यावर ह्यो काय करतंय ते."

सर्ज्या उजवा, लाल्या डावा. सहा महिन्यांत दोघं असे मिसळले की मोकळे सोडले तरी ओढ्यावर पाण्याला जाताना त्याच बाजू धरून चालायचे. एक थांबला की दुसरा थांबायचा.

एकदा नात्यातल्या एकाचा बैल मेला. ऐन पेरणी. त्यानं चार दिवसांसाठी सर्ज्याला मागितलं. सावडीला नाही म्हणता येत नाही. त्यानं आपल्या उंच बैलाबरोबर ठेंगण्या सर्ज्याला जुंपलं. त्यामुळं जू कलतं झालं आणि सगळा भार एका कडेवर आला. त्यात जू जुनं, गोल, खाली झिजून धार आलेलं. पाचव्या दिवशी सर्ज्या आला तो खांदा घेऊन. आमच्याकडं खांदा येणं म्हणतात, पुस्तकात खांदेसूज. वाटीएवढी सूज, वरची साल गेलेली, आत पाणी. दादांनी हळद-लोणी लावलं, डॉक्टर आणला, दीड महिना बैल जुंपला नाही. त्या नातलगाला ते एक शब्द बोलले नाहीत. पण पुढं त्यांच्या ओसरीवर चहाही घेतला नाही.

खांद्याचं शास्त्र तसं साधं आहे. बैल सगळी ओढ मानेच्या आणि वशिंडाच्या मधल्या वीतभर जागेवर घेतो. तीच ओढ गोल दांड्यानं दोन बोटांच्या पट्टीवर आली तर कातडीतलं रक्त थांबतं, आणि रुंद, खालून मानेच्या घडणीप्रमाणं तासलेल्या लाकडानं तळहाताएवढ्या जागेवर पसरली तर थांबत नाही. सुधारित जू म्हणून संशोधकांनी जे केलं, त्याचा गाभा एवढाच. रुंद बूड, गुळगुळीत कड, शक्य तर खाली गादी. खर्च फार नाही. तरी गावात सुतार जुन्याच मापानं जू घडवत राहिला, कारण मागणारा तेच मागत होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्या मानेला हळद-तूप चोळून उद्या जेवायला यायचं आवतण देतात, त्याच मानेवर तिसऱ्या दिवशी ते धारेचं लाकूड चढवतात. माया खोटी नसते. लाकूडही खोटं नसतं.

२०१४ च्या पोळ्याला सर्ज्यानं शिंगाला हात लावू दिला नाही. दरवर्षी शिंगं तासून, घासून, वर वार्निश लावायची. त्या वर्षी तासणी लागताच त्यानं डोकं झटकलं. भाऊ म्हणाला माजलाय. दादांनी तासणी बाजूला ठेवली आणि शिंगाच्या बुडाशी बोट टेकवून बसले. मग त्यांनी आठवून आठवून सांगितलं. पंधरा दिवसांपासून तो डोकं एका अंगाला कलतं धरतोय. खुंट्याला शिंग घासतोय. त्याच बाजूच्या नाकपुडीतून परवा रक्ताचा थेंब आला होता, तेव्हा वाटलं काडी लागली असेल.

टेम्पो करून सर्ज्याला परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. मी रजा काढून तिथं गेलो. शिंगाचा कर्करोग. आपल्याकडच्या देशी बैलांत हा रोग बऱ्यापैकी आढळतो. गाईंना आणि वळूंना क्वचित होतो, बडवलेल्या बैलांना जास्त, तेही पाच ते दहा वर्षांच्या उमेदीच्या वयात. शिंगाच्या आतल्या पोकळीच्या अस्तरात तो सुरू होतो, म्हणून बाहेरून दिसेपर्यंत बराच पसरतो. कारणांच्या यादीत उन्हाबरोबर जुवाचा सततचा घासही आहे, आणि शिंगं तासण्याचा-रंगवण्याचाही संशय घेतला गेलेला आहे. दादांना हे सांगितलं तेव्हा ते टेम्पोच्या फाळक्याला धरून उभे होते. काही म्हणाले नाहीत. पण त्यानंतर आमच्या दावणीला पोळ्याला शिंगं तासली गेली नाहीत आणि रंग लागला नाही. नुसती बाशिंगं आणि झूल. गाव म्हणायचं, ह्यांचे बैल सुतकातले.

मज्जातंतू बधिर करून शिंग मुळापासून काढलं. बैल आडवा पाडलेला असताना दादा त्याच्या डोळ्यासमोर बसून राहिले. डॉक्टरांनी बाजूला व्हायला सांगितलं नाही, हे मला आवडलं. मी बघत होतो की सर्ज्या ओरडत नाही. बैल ओरडत नाहीच. ज्यांच्या पूर्वजांना वाघ-लांडगे खात होते त्या जनावरांची दुखणं लपवायची रीत असते, असं अभ्यासक सांगतात. कान मागं पडतात, डोळा ताणतो, दात करकर वाजतात, रवंथ थांबतो. बाकी चुपचाप. म्हणूनच तर दुखतच नाही, असं म्हणणं आपल्याला सोपं जातं. गोऱ्हे दगडा-लाकडानं ठेचून बडवायची जुनी रीत मी लहानपणी एकदाच बघितली. परत बघायला गेलो नाही. नंतर चिमटा आला, सरकारी डॉक्टर आला, ते बरं झालं.

शिंग काढलं की तिथं भोक राहतं आणि ते थेट कपाळाच्या पोकळीत उघडतं. रोज धुणं, औषध, पट्टी, माशी बसू न देणं. महिनाभर दादांनी दुसरं काम केलं नाही. त्या महिन्यात लाल्याचं वागणं बदललं. सर्ज्याला परभणीला नेलं त्या दिवसांत त्यानं पेंड सोडली होती, आणि हंबरडा फोडत खुंट्याभोवती फिरून दाव्याला पीळ पाडला होता. गायींवर परदेशात झालेल्या प्रयोगांत असं दिसलंय की ओळखीच्या सोबतिणीजवळ उभ्या असलेल्या गाईच्या छातीचे ठोके अनोळखीजवळच्यापेक्षा कमी राहतात. मी हे मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "त्याला यंत्र कामून लागतंय?"

रोग वर्षभरात उलटला. २०१५ च्या पावसाळ्यात सर्ज्या गेला. धुऱ्यावरच्या लिंबाखाली पुरला.

लाल्या एकटा राहिला. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला होता, गाईबरोबर बैल आणि वळूही त्यात आले. बाजारात एकट्या, उतरत्या बैलाला गिऱ्हाईक राहिलं नाही. कायद्याच्या बाजूनं आणि विरुद्ध पुष्कळ बोललं गेलं. वर्षाला एका म्हाताऱ्या बैलाला कडबा किती लागतो आणि त्या वर्षी मराठवाड्यात दुष्काळामुळं कडबा काय भावानं होता, हे त्या बोलण्यात फारसं आलं नाही. लोकांनी रात्री बैल सोडून दिले. आमच्या शिवारात असे तीन बैल हिंडत होते. दावं तुटलेलं नव्हतं, सोडलेलं होतं. त्यांच्या भल्याची काळजी करणारा कायदा आणि त्यांना हाकलणारा धुऱ्यावरचा मालक, दोघांच्या मध्ये ते पाण्यावाचून मेले. दादांनी लाल्यासाठी कपाशीतलं एक एकर मोडून ज्वारी घातली. भाऊ बरेच दिवस त्यांच्याशी बोलत नव्हता, आणि त्याचंही चुकत होतं असं मला म्हणवत नाही. त्याच्या डोक्यावर पीककर्ज होतं.

लाल्या पाण्याला एकटाच जायचा. पांदीच्या डाव्या अंगानं, उजवी बाजू मोकळी सोडून. आधी मला वाटलं, सावली त्या बाजूला असेल. सकाळी आणि संध्याकाळीही तो तसाच चालायचा.

दोन वर्षांनी पुतण्यानं जोडी आणली. ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो, पण उभ्या पिकात कोळपायला बैलच लागतो. त्यानं सुताराकडून जू रुंद करून घेतलं. सुतारानं दोनदा माप विचारलं आणि लाकूड वाया जातं म्हणून जास्त पैसे घेतले. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिघांना पाण्याला सोडलं. नव्यातला उजवा मागून झपझप आला आणि लाल्याच्या मोकळ्या अंगाला लागून चालू लागला. लाल्यानं एकदा शिंग हलवलं. मग चालत राहिला.

दादा आखाड्याच्या दारात बाजेवर बसून बघत होते. पुतण्याला म्हणाले, "उद्यापून त्याला लाल्याच्या शेजारी बांध. आन् दावं लांब ठिव."